दहा दिवस अडलेली दुनळी

क्लोटिल्डने तो चौकशीचा कागद कॉफीच्या कपाखाली दाबून ठेवला, हे मी विसरणार नाही. मित्रांनो, मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. माफ करणं मला जमत नाही.

लुईझियानाच्या दलदलीत मी चाळीस हिवाळे अल्सीदच्या खांद्याला टेकून काढले. माझा बार ऐकला की लोक म्हणत, आज ओडीलकडे बदकाचा रस्सा. ओडील त्याची बायको. पुढे त्याचे हात कापू लागले आणि त्याने मला दुकानात विकलं. नव्या बंदुकांच्या रांगेत माझ्यावर धूळ बसली.

या जानेवारीत अल्सीद अंथरुणाला खिळला. खिडकी उघडी ठेवायला लावी. शिकाऱ्यांचा बार आला की म्हणे, ही ती नव्हे. म्हणून त्याची नात नोएमी, वय एकोणीस, घरी न सांगता मला विकत घ्यायला आली.

बंदूक घेणारा एकवीस वर्षांच्या आतला असला की चौकशी जास्त होते. गावच्या पोलीस कचेरीलाही विचारतात, आणि उत्तर आलं नाही तर कामाचे दहा दिवस थांबवतात. त्या कचेरीतले कागद सांभाळते क्लोटिल्ड, ओडीलची धाकटी बहीण. नोएमीचं नाव वाचून ती हसली. जिला बाप्तिस्म्याच्या दिवशी मांडीवर घेतलं, जिच्याविरुद्ध काहीच नाही, तिच्याबद्दल लिहायचं काय? म्हणून तिने काहीच लिहिलं नाही, कागद कपाखाली सरकवला.

नवव्या दिवशी अल्सीद गेला.

मी हाती आल्यावर नोएमीने दलदलीत जाऊन एकच बार काढला. खिडकी उघडीच होती. पलंग रिकामा.

मग शहरातल्या वकिलाने तिच्या नावाने या कायद्याविरुद्ध सरकारवर खटला भरला. अठराव्या वर्षी मत देता येतं, मग बंदुकीसाठी का अडवता? सरकारचे वकील म्हणतात, थांबवल्याने जीव वाचतात. निकाल अजून लागायचाय.

आता मी ओडीलच्या भिंतीवर असते. परवा क्लोटिल्ड आली आणि म्हणाली, ताई, कायदाच वाईट गं. ओडीलने हातातली पळी खाली ठेवली नाही.

“कायद्याचं काय ते कोर्ट बघेल. पोरांच्या हाती बंदूक द्यायची तर विचारलं ते बरंच केलं. पण विचारलं तुला, क्लोटिल्ड. पोरगी गुणाची आहे, एवढं लिहायला तुला दहा दिवस पुरले नाहीत. माझा माणूस खिडकीकडे कान लावून गेला. ते ओझं आता जन्मभर तुझ्याकडे. बस, वाढते. आणि उद्या कचेरीत जाऊन ते टेबल आवर.”