एकतिसाव्या पानाखालचं नाव

मी एक जुना रबरी शिक्का आहे. मित्रांनो, एका पानाखालचं नाव हरवलं आहे, हे आम्हाला विजयाबाई गेल्यावर चौथ्या महिन्यात कळलं. त्यांची जुनी विद्यार्थिनी जागृती आता त्यांच्याच कॉलेजात शिकवते. 'प्रकल्प कसा लिहावा' ही बाईंची हस्तलिखित वही छापायला देण्याआधी ती तपासत होती. एकतिसाव्या पानावर ती थांबली.

"काका, या उताऱ्याखाली नाव नाही."

"असं होणारच नाय," बाईंचे यजमान दिनानाथकाका म्हणाले. त्यांनी चष्मा लावून पान तीनदा पाहिलं. नाव नव्हतं.

यात एवढं काय, असं तुम्हाला वाटेल, तर आधी माझी गोष्ट ऐका. माझा जन्म पालघरला कचेरीजवळच्या एका दुकानात झाला. लाकडी मूठ, खाली रबर आणि त्यावर तीन शब्द: 'हे कुणी सांगितलं?'

"बाई, असा शिक्का कुठल्या हापिसात चालतो?" दुकानदाराने विचारलं.

"माझ्या वर्गात चालेल," बाई म्हणाल्या.

बावीस वर्षं मी चाललो. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या प्रकल्पांत जिथे माहितीखाली सांगणाऱ्याचं नाव नसेल, तिथे उमटत राहिलो. बोईसरच्या हर्षितने खाली 'स्रोत: इंटरनेट' एवढंच लिहिलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "इंटरनेट कुठल्या गावचं रे?" प्रियंकाने तिच्या पाड्यावरच्या भाताच्या जातींची नावं लिहून आणली आणि खाली लिहिलं, 'आजीने सांगितले.'

"तुझ्या आजीला नाव नाही?"

"हाय ना. बायडी."

"मग लिही. वय, पाडा, तारीख."

"बाई, तिला वय ठाव नाय."

"मग तसंच लिही. 'वय माहीत नाही' हीसुद्धा माहितीच आहे."

मुलं मला कंटाळायची, 'खडूस ठप्पा' म्हणायची. पण ज्या पानावर मी उमटलो नाही, ते पान घरी नेऊन दाखवायची.

आणि त्याच बाईंनी असं करावं? मला राग आला, तो अजून गेलेला नाही. उतारा कुणा विद्यार्थ्याचा होता. बाईंनी तो आपल्या अक्षरात उतरवून घेतला होता: 'वारा फिरला की आई आधी पदराकडे बघते, मग वाळत घातलेल्या बोंबलांकडे, आणि मग आम्हाला हाका मारते.' साऱ्या वहीत याहून चांगलं वाक्य नाही. नाव मागाहून लिहू, असं बाईंना वाटलं असेल. मग आजारपण आलं.

"'एक विद्यार्थी' असं लिहू या, काका," जागृती म्हणाली. "कोण विचारणार?"

"तिनं विचारलं असतं."

त्यांनी खणातून मला काढलं. शाईची गादी सुकली होती, तिच्यावर चार थेंब पाणी घातलं आणि मला बाईंच्या पानावर दाबलं. बाईंच्या अक्षरावर मी पहिल्यांदाच उमटलो. ते मला अजिबात आवडलं नाही.

मग शोध सुरू झाला. कॉलेजातले जुने प्रकल्प कपाट रिकामं करताना रद्दीत गेले होते. काकांनी जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावले. विपुल म्हणाला, "माझं नाय ते, काका. माझी आय कंपनीत पॅकिंगला जाते, तिला वाऱ्याचं काय?" कुशल म्हणाला, "माझंच लिवा ना! छापून तरी येल."

"तुझी आय वारा फिरल्यावर आधी काय बघते?"

"मोबाईल!"

काका हसले नाहीत. त्यांनी फोन ठेवला.

आता ते वही घेऊन, जिथे बोंबील वाळतात त्या किनाऱ्यावरच्या गावांत घरोघर जातात, मी त्यांच्या खिशात असतो. ते वाक्य वाचून दाखवतात. बायका म्हणतात, "असं तर आमी सगल्याच करतो, भाऊ." ते खरंच आहे आणि त्याचा काही उपयोग नाही. बायको गेलेल्या माणसाने असं उन्हात फिरू नये, असंही कुणीतरी सांगतं. ते पुढच्या घरी जातात.

मित्रांनो, तुम्ही हल्ली फोनला विचारता आणि तो लगेच सांगतो. पण वाक्य ज्याचं घ्याल, त्याचं नाव त्याच क्षणी लिहा. चहा पिऊन आल्यावर नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मागाहून ज्यांना विचारायचं, ती माणसं राहत नाहीत. आणि कुणाच्या तरी आईला पुस्तकात आपल्या लेकराचं नाव दिसायचं असतं.

शिरगाव पुरं झालं. सातपाटी विचारायची राहिली आहे. पुस्तक अजून छापलेलं नाही.