कुंपणावरचा वेल

घरं रंगवायचं काम मी तीस वर्षं करतोय. या धंद्यात गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी ‘माहीत नाही’ म्हणायचं नसतं. रंग किती टिकेल? दहा वर्षं, डोळे झाकून. ओल परत येईल का? नावच काढू नका. तीच सवय घरात आली.

एका बंगल्याची भिंत खरवडताना तिच्यावर चढलेला वेल उपटावा लागला. मुळाशी गाजराएवढा कंद होता. तो मी घरी आणला आणि मागच्या अंगणात कुंपणापाशी पुरला.

बायकोने विचारलं, “कसला हो?”

“खायचा. पानांची भाजी करतात.”

मला काही माहीत नव्हतं. बोलून गेलो, झालं.

वेलाने कुंपण भरून टाकलं. एका दुपारी तिने खरंच त्याच्या पानांची भाजी केली. ताट वाढलं, स्वतःही जेवायला बसली. चार घास खाऊन म्हणाली, “अहो, मीठ बरोबर आहे का बघा. मला हल्ली चवच कळत नाही.”

उचललेला पहिला घास मी ताटात परत ठेवला. तिची भाजी निम्मी संपली होती. थांब, मी थाप मारली होती, एवढं सांगायला काय लागतं? मी म्हणालो, “बरोबर आहे.” ती पाणी आणायला उठली तेव्हा माझी भाजी मी कागदात गुंडाळून खिशात घातली. तिने तिची सगळी खाल्ली.

चौथ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. त्यानंतर आठवड्याने ती गेली.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, दोन्ही किडन्या निकामी आहेत. “खाण्यात काही वेगळं आलं होतं का?” त्यांनी विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी म्हणालो, “माहीत नाही.”

मुलगी दिवसकार्य आटपून सासरी निघाली तेव्हा म्हणाली, “बाबा, ते मागचं जंगल कापा आधी. साप येईल.” मी हो म्हणालो आणि कापलं नाही. कापलं असतं तर कधीच कळलं नसतं, मी तिला मारलं की नाही.

एक डहाळी घेऊन नर्सरीत गेलो. नर्सरीवाला म्हणाला, “ना फूल, ना शेंग, मी काय ज्योतिषी आहे? फेकून द्या काका. विषारी निघाला तर घरातलं कुणी जायचं.”

त्या दिवसापासून मला अन्न जाईना. एकदा वेलाची मूठभर पानं तोडून तोंडात कोंबली. मेलो तर उत्तर मिळेल आणि सुटकाही होईल. पण चावली गेली नाहीत. थुंकून टाकली. तिथेही मी भित्राच निघालो.

मग एका बाईंच्या घराचं काम मिळालं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. पहिल्याच दिवशी मी जेवणाच्या डब्यातून डहाळी काढून त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी चष्मा वर केला. “देठाला तीन-तीन पानं. घेवड्याच्या कुळातला दिसतोय. पण त्या कुळात विषारीही असतात. फूल-शेंग आल्याशिवाय मी बोलणार नाही.”

“अंदाजाने सांगा ना, बाई.”

“अंदाजाने तुम्ही बोलता. मघाशीच म्हणालात ना, दहा वर्षं रंगाकडे बघायला नको.”

मी काम लांबवलं. रंगाच्या दोन हातांच्या जागी तीन हात दिले. बाई म्हणाल्या, “रंगारी, भिंत जाड होऊन खोली लहान झाली माझी.” दिवस लहान होत गेले तशी वेलाला फिकी निळी फुलं आली, आणि मग एका सकाळी शेंग दिसली. लांबट, चारी कडांना झालर. अशी शेंग मी जन्मात पाहिली नव्हती. फडक्यात गुंडाळून बाईंकडे नेली.

बाईंनी ती उलटीसुलटी पाहिली, मोडली आणि अर्धी तोंडात टाकली.

“बाई, थुंका! थुंका आधी!” मी ओरडलो आणि त्यांचा हात धरला. माझ्या हाताचा रंग त्यांच्या बांगड्यांना लागला.

“अहो, वेड लागलं का? चौधारी घेवडा आहे हा. शेंग, फूल, पान, कंद, सगळं खातात.”

“पानं खाऊन माणूस मरत नाही?”

“पोट भरतं. मरतो कशाला?”

मी तिथेच फरशीवर बसलो आणि सगळं सांगितलं. खिशातल्या कागदासकट. ऐकून झाल्यावर बाई म्हणाल्या, “असल्या भाजीने किडन्या चार दिवसांत जात नाहीत. चव जाते, म्हणजे किडन्यांचं दुखणं कधीचं चाललं असेल. वेलाचा दोष नाही.”

मला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही. वेलाचा दोष नाही तर मग तिथे उरलं कोण? चव कळत नाही, असं ती माझ्या तोंडावर सांगत होती. मी ऐकलं नाही, कारण मी भाजी लपवण्यात गुंतलो होतो. विष असेल या भीतीने मी स्वतःचा घास वाचवला आणि तिला जेवू दिलं. हे कुठल्या शेंगेने पुसलं जाणार?

घरी आलो. कोवळी पानं तोडली, धुतली, चिरली. बायको भाजी टाकायची त्याच कढईत टाकली. खाली थोडी लागली. ताटात घेतली आणि तिच्या जागेसमोर बसलो. पहिला घास चावला. गिळला.

“मीठ कमी आहे गं,” मी म्हणालो.

मग मीठ न घेता सगळी खाल्ली.