अध्यक्षस्थानी

“पक्ष तीन आणि खडू एक, तोही नखाएवढा,” गंगाधर पुटपुटला. मी त्याच्या पाठीमागेच उभी होते, म्हणून ऐकू आलं. चाळीच्या फळ्यावर त्याने लिहिलं होतं : ‘एक मे, सकाळी आठ वाजता पटांगणात महाराष्ट्र राज्य स्थापनेची सभा. अध्यक्षस्थानी’. पुढे हात थांबला होता.

राज्य मिळायला चार दिवस उरले होते. आमच्या परळच्या चाळीतली समिती चार वर्षं नांदली. लाल बावट्याचा गंगाधर, समाजवाद्यांचे रघुवीर मास्तर आणि मागच्या चाळीतली रिपब्लिकन सुंदराबाई. वर पुढाऱ्यांचं फाटलं, तरी आमचे घटक पक्ष एका सतरंजीवर बसायचे. लाठ्या पडत होत्या तोवर पुढे कोण चालणार यावर कधी वाद झाला नाही. सुंदराबाई चालायची. पुरुष आत गेले तेव्हा बायकांचा मोर्चा तिनेच नेला, आणि मग स्वतः एकवीस दिवस आत जाऊन आली.

एक तारखेला जो सभेचा अध्यक्ष, तोच पुढे दोन्ही चाळींच्या कमिटीचा, असं ठरलेलं. सुंदराबाईने एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच काही मागितलं होतं : “फळ्यावर माझं नाव येऊ द्या.”

दुपारी ती माझ्याकडे भाषण पाठ करायला यायची. ‘उपस्थित’पाशी अडखळायची. “उपतिष्ठ,” म्हणायची आणि स्वतःच हसायची. बसायची उंबऱ्याबाहेर. मी पाट बाहेर सरकवायचे. आत ये म्हणायचं मला कधी सुचलं नाही.

त्या संध्याकाळी आमच्याच खोलीसमोर गॅलरीत सतरंजी पडली.

“आमचं म्हणणं, मान गिरणी कामगाराचा,” गंगाधर म्हणाला. “सुंदराबाईंना घर आहे, पोरं आहेत. कमिटीला वेळ कुठला?”

“तुरुंगात गेले तेव्हा पोरं नव्हती व्हय?” सुंदराबाई म्हणाली.

“तसं नाही हो,” रघुवीर मास्तरांनी चष्मा काढला. “अध्यक्ष सर्वमान्य हवा. ठराव लिहिता यायला हवा.”

“म्हणजे तुम्ही,” गंगाधर म्हणाला.

“मी माझं नाव घेतलं का?”

“तोंड तसं झालंय तुमचं.”

दोघं अर्धा तास भांडले. राज्य दिल्लीने दिलं की आपण घेतलं, इथपासून मास्तरांच्या शिकवणीच्या फीपर्यंत सगळं निघालं. आणि मग एकाएकी दोघांचं एकमत झालं. नारळावर.

“झेंड्याआधी अध्यक्षांनी नारळ फोडायचा असतो,” मास्तर म्हणाले. “सुंदराबाईंनी बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. त्यांना हे करायला लावणं बरं नव्हे. भावना जपायला हव्यात.”

गणपतीपुढेही हात न जोडणाऱ्या गंगाधरने मान डोलावली. “बरोबर. नारळ तर लोकांना हवाच.”

“मग तुम्ही फोडा की,” सुंदराबाई म्हणाली. “मी खुर्चीत बसते, बोलते.”

“खोबरंही अध्यक्षांनीच वाटायचं असतं,” मास्तर म्हणाले. “चाळीची पद्धत आहे.”

“वाटीन. त्यानं माझी कुठली प्रतिज्ञा मोडती?”

मास्तर चष्मा पुसू लागले. गंगाधर नखातला खडू काढत बसला. सुंदराबाईने माझ्याकडे पाहिलं. “वैनी, तुमी सांगा.”

“उशीर झाला,” मी म्हटलं. “उद्या बघू.”

तिने मान खाली घातली नाही. एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि एकेक जण सतरंजीकडे.

दारात माझी सासू, राधाबाई, तांदूळ निवडत बसली होती. अश्रुधुराच्या दिवशी ती रस्त्यात कोसळली, तेव्हा सुंदराबाईनेच तिला पाठुंगळीला मारून घरी आणलं होतं. म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. आवाजात राग नव्हता. भाजी संपली असं सांगावं तसं ती बोलली.

“नारळाचा काय नाय गो सुंदरे. तू फोडलंस तरी चलात. पण तुज्या हातचा खोबरा आमच्यातलो कोण खावचो नाय. ह्येंका तांच बोलूचा होता.”