शेणाची दुसरी खेप

मित्रांनो, मी एक जुनी बंडी, म्हणजे बैलगाडी आहे, आणि उभे राहणे माझ्या स्वभावातच नाही. तरी तळेगावच्या तानबाच्या दारात मी कित्येक वर्षे उभी आहे. चाकांत गवत वाढले आहे आणि जीव नुसता तळमळतो.

कारंज्याच्या सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवले. चाकांवर लोखंडी धाव तापवून चढवली, तेव्हाच मला पळायची घाई झाली होती. वांगी, टमाटर, सांभार म्हणजे कोथिंबीर भरून मी आष्टीच्या बाजाराला जात असे. तानबाची बायको शोभाबाई टोपल्यांमध्ये बसून म्हणायची, "हे बंडी बैलाईच्याही पुढं पळते." ते ऐकून मी आणखीच खडखडत असे.

१९९८ सालचा परतीचा पाऊस होता. वांगी तोडता तोडता आभाळ काळे झाले. भिजू नये म्हणून शोभाबाई धुऱ्यावरच्या, शेताच्या बांधावरच्या कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिली. वीज त्याच झाडावर पडली आणि ती टोपल्यासकट कोसळली.

आमच्याकडे वीज पडलेल्या माणसाला शेणात पुरत. शेण अंगातली वीज ओढून घेते, असे सगळे मानत. अंगाला हात लागू नये म्हणून लोकांनी तिला पोत्यात गुंडाळून गोठ्यामागच्या खड्ड्यात ठेवले. पहिली खेप छातीपर्यंतच पुरली. शेजारच्या महादेवरावांनी सांगितले, "तानबा, गळ्यापर्यंत शेण पाह्यजे. आणखी घेऊन ये."

तानबा मला घेऊन घरोघर शेण मागत फिरला. दवाखान्याचा रस्ता मला ठाऊक होता, मी कुरकुरत होते, पण बंडीचे कोण ऐकतो? परतताना रस्त्यात उपकेंद्राच्या कमला नर्सबाई भेटल्या.

"तानबाजी, एवढ्या पावसात शेण काऊन नेऊन राह्यले?"

"शोभावर वीज पडली, बाई. गळ्यापर्यंत पुरा लागते."

"श्वास चालू हाय काय तिचा?"

"पाह्यलं नाई."

"छातीवर एवढं ओझं असल्यावर श्वास कसा घेईन ते? शेण इथंच टाका. तिले दवाखान्यात न्याले बंडी रिकामी पाह्यजे."

तानबाने मागे वळून शेणाकडे पाहिले. शेण टाकले आणि शोभाबाई गेली, तर नवऱ्यानेच मारली असे गाव म्हणणार. मला धीर निघेना. शेवटी त्याने बैल सोडले, माझे जू वर उचलले आणि सगळे शेण रस्त्यात ओतले.

बैल पुन्हा जुंपल्यावर मी धावले तशी आयुष्यात कधी धावले नाही. कमलाबाईंनी दोन्ही हातांनी शेण उपसून तिला बाहेर काढले. हात लावायला लोक घाबरत होते. "तिच्या अंगात आता वीज नाई, धरा," त्या म्हणाल्या. श्वास अगदी मंद होता. त्या तोंडाने श्वास देत राहिल्या आणि आम्ही दवाखाना गाठला.

शोभाबाई वाचली. पण एक कान गेला आणि उजव्या हातातून विळा गळून पडू लागला. गडगडाट तर तिला सोसवेचना. माझी चाके गोट्यांवरून खडखडली की ती कोपऱ्यात जाऊन थरथरत बसे. तेव्हा तानबाने मला दारात उभी केली आणि भाजी सायकलवर नेऊ लागला. मला फार राग आला. तिला दवाखान्यात नेले कोणी? एकदा ती बाहेर आली, माझ्या चाकावर हात ठेवून म्हणाली, "तुयावर राग नाई वं माया. आवाजच सोसत नाई." त्यानंतर माझा तिच्यावरचा राग गेला, तळमळ मात्र गेली नाही.

मित्रांनो, आभाळ गडगडू लागले की झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. कुणावर वीज पडलीच, तर त्याला हात लावायला भिऊ नका. श्वास पाहा आणि दवाखाना गाठा. मला अजूनही पळायचे आहे, फार पळायचे आहे. तरी सांगते, मला इथेच कुजू द्या, पण तसल्या शेणाच्या खेपेला पुन्हा जुंपू नका.