दोन वाजून दहा मिनिटं

शिंप्याचे नियम दोनच. कामावर असताना आपण नशेचं काही घ्यायचं नाही. आणि गिऱ्हाइकाने घेतलंच, तर त्याच्या मनगटावर पेनाने वेळ लिहायची, म्हणजे मागाहून चुकून पुन्हा घेतलं जात नाही.

सकाळी तो दुकानात पँटी आखूड करी. दुपारी पुरुषांना पैसे घेऊन सोबत देई. याच धंद्यातला त्याचा दोस्त दर तासाला फोन करून खबर घेई. दोघं एकमेकांना जाऊबाई म्हणत, बोलतही बायकांसारखंच.

आजचं गिऱ्हाईक म्हणजे नकाशेवाला. पन्नाशीचा, मोजणी खात्यात नकाशे काढणारा, दोन वर्षं न चुकता बोलावणारा. त्याची थोरली बहीण खालच्या मजल्यावर राही. शिंपी पडद्यांची मापं घ्यायला येतो, असं तिला सांगितलेलं. दोन वर्षं, एकाच खिडकीची मापं.

"तू नुसता काठावर बसतोस," नकाशेवाला बाटलीतलं औषध सरबतात टाकत म्हणाला. "आज ये की बरोबर."

शिंप्याने थोडंसं घेतलं. पहिला नियम मोडला. दुसरा मात्र पाळला: दोघांच्याही मनगटावर लिहिलं, दोन दहा.

हळूहळू भिंतीवरचे नकाशे सैल झाले. नद्यांच्या निळ्या रेघा चौकटीबाहेर आल्या आणि पलंगाच्या कडेने धावदोऱ्यासारख्या पळू लागल्या. ही नदी बोटभर आत दुमडायला हवी, असं शिंप्याला वाटलं.

नकाशेवाल्याची एक खोड होती. कुणाला हात लावण्याआधी तो बोटांची शाई ब्रशने घासून काढी, पार कोपरापर्यंत. नळाचा आवाज फार लांबून, डोंगरापलीकडून येत राहिला. तो परत आला आणि मनगट बघून हसला.

"माझं लिहिलंच नाहीस अजून. म्हणजे मी घेतलेलं नाही."

शिंपीही हसला. नकाशेवाल्याने पेला भरला, प्यायला, आडवा झाला. पडदा फुगला, बसला, फुगला.

फोन वाजला.

"जाऊबाई, आवाज फार मधाळ लागलाय. घेतलंत वाटतं?"

"चिमूटभर."

"शाब्बास! आणि भावजी?"

"घोरतायत."

"मनगट वाचून दाखवा त्यांचं."

शिंप्याने हात उचलला. हात जड, स्वच्छ, साबणाच्या वासाचा. "कोरं आहे," तो म्हणाला, आणि आपलं मनगट त्याशेजारी धरून पाहिलं. "घासून आले होते. मग पुन्हा घेतलं. माझ्यासमोर."

"घोरणं मध्येच थांबतंय का?"

थांबत होतं. ओठ निळसर पडले होते, नद्यांसारखे.

"कुशीवर वळवा. अँब्युलन्स बोलवा. मी निघाले."

"खाली बहीण आहे त्यांची."

"असू दे. पडद्याला शिंपी दुसरा मिळेल तिला. भाऊ कुठला मिळायला?"

शिंप्याने त्याला कुशीवर वळवलं, फोन केला, आणि प्रत्येक श्वास टाका मोजावा तसा मोजत बसला.

अँब्युलन्सवाल्यांच्या पाठोपाठ बहीणही वर आली. हातात फडकं तसंच.

"काय घेतलंय? किती वाजता?" अँब्युलन्सवाल्याने विचारलं.

मापं घ्यायला आलो तर हे असे पडलेले दिसले. वाक्य तयार होतं. शिंप्याने बाटली त्याच्या हातात दिली.

"दोनदा घेतलंय. पहिल्यांदा दोन दहाला. मीही घेतलं थोडं."

"तुम्ही कोण यांचे?"

"सोबतीला येतो. पैसे घेऊन." बहिणीकडे न बघता तो म्हणाला. "पडदे नाहीत, ताई."

ऑक्सिजनच्या मास्कमध्ये वाफ धरली, विरली, पुन्हा धरली. भावाच्या टेबलावरचं शाईचं पेन बहिणीने उचललं, त्याचं घामेजलेलं मनगट फडक्याने कोरडं केलं, आणि शिंप्याच्या मनगटावर बघून भावाच्या मनगटावर लिहिलं: दोन दहा.

"दुसरी वेळ सांगा. दवाखान्यात विचारतील."

"अडीचनंतर. तीनच्या आत."

तिने तेही लिहिलं, आणि शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घालत राहिली.