टाचणीएवढं दार

"मुलगी होती," झिपरी म्हणाली. "सरळ म्हटलंय ना तिनं, 'माझी लेक'. जन्मली तीच श्वास न घेता. आणि डोकंभर केस होते, ओले, कपाळाला चिकटलेले. असं कोणी मनानं रचतं का?"

"रचतं की," वकील म्हणाला. "तिचा धंदाच आहे तो."

ताईंच्या एका हातात रबरी वाटी होती, दुसऱ्यात पाती. प्लास्टर नुकतंच कालवून झालं होतं. ते ठशात ओतायला फार वेळ मिळत नाही. ओतताना ठसा सारखा थरथरवत ठेवावा लागतो, म्हणजे आतले बुडबुडे वर येऊन फुटतात. ठसा समोर तयार होता. ताईंनी तो उचललाच नाही.

ती दात बनवायची लॅब होती. एका दवाखान्याच्या मागच्या बाजूला, लांबट खोली, उत्तरेकडून उजेड, तीन माणसांची तीन बाकं. दंतवैद्यांकडून तोंडाचे ठसे यायचे आणि कवळ्या होऊन परत जायच्या. ज्याच्यासाठी कवळी करायची तो माणूस इथे कधी दिसत नसे. ताई इथल्या सगळ्यांत जुन्या. झिपरी आणि वकील त्यांच्या हाताखाली तयार झालेले. कपाळावरच्या बटांना दर महिन्याला नवा रंग म्हणून ती झिपरी, आणि कुठल्याही गोष्टीला पुरावा मागतो म्हणून तो वकील. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, ती म्हणजे एक गायिका. स्वतःची गाणी स्वतः लिहिणारी, सगळ्या देशाला ठाऊक असलेली. ही दोघं तिला 'आपली बया' म्हणत. बयाचं नवं गाणं काल संध्याकाळी आलं होतं.

"हे बघ," वकील मेणात दात बसवता बसवता म्हणाला, "आधीचा इतिहास काय सांगतो? त्या जुन्या गाण्यात तिचा बाप दारू पिऊन दार तोडतो. नंतर मुलाखतीत स्वतःच म्हणाली, बाबा सरबतसुद्धा गाळून पीत."

"म्हणून हेही खोटं?"

"मुळात जिचे पुढचे दातच खरे नाहीत, तिचं गाणं खरं कसं असेल?"

"एकच दात," झिपरी म्हणाली. "वरचा डावा. आणि ज्यानं केलाय त्याच्या हातावर मुके घ्यावेत. तुझ्याच्यानं जन्मात होणार नाही तसा."

एरवी या वाक्याला ताई मान खाली घालून गालात हसल्या असत्या. तो दात त्यांनीच केला होता. बया म्हणजे त्यांची धाकटी बहीण, घरातली छोटी. सायकलवरून पडून दात मोडला तेव्हा ताई नुकत्याच या कामात शिरल्या होत्या, आणि रंग जुळेना म्हणून तीनदा तोडून पुन्हा केला होता. हे इथे कोणाला माहीत नव्हतं. छोटी नावारूपाला आली तेव्हा ताईंनीच तिला सांगितलं होतं, मला त्यात ओढू नकोस, मला माझं काम करू दे. छोटीनं ते पाळलं. मुलाखतीत ती बहिणीबद्दल चकार शब्द काढत नसे. दारूचं ते गाणं आलं तेव्हा बाबा हयात होते. शेजारीपाजारी हळहळत विचारपूस करायला येऊ लागले, तेव्हा ते म्हणाले होते, "पोरीनं पाजलीच आहे तर निदान चांगल्यातली पाजायची." तेव्हापासून ताईंचा हिशेब सोपा होता. गाणं म्हणजे गाणं. त्यातलं कुठलं खरं नि कुठलं रचलेलं, याची चौकशी आपण करायची नाही.

"ताई! अहो, प्लास्टर!"

ताईंनी खाली पाहिलं. वाटी तळहाताला चटका देत होती. घट्ट होताना प्लास्टर तापतं. पाती उभीच्या उभी आत रुतून बसली होती.

झिपरी उठून आली. वकिलाच्या हातातला दात मेणातच राहिला. ताईंच्या हातून प्लास्टर फुकट गेलेलं दोघांनीही आजवर पाहिलेलं नव्हतं.

"बरं वाटत नाही का?"

"लक्ष नव्हतं," ताई म्हणाल्या. "तुम्ही बोला. मी दुसरं कालवते."

मुलगी होती.

ताईंना एकच मूल झालं, आणि ते रडलं नाही. नर्सनं विचारलं होतं, बघायचंय का? ताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. नवऱ्याला म्हणाल्या, मला काही सांगू नका. मुलगा की मुलगी, काळं की गोरं, काही नाही. कधीच नाही. नवऱ्यानं मान हलवली आणि शब्द पाळला. सह्या त्यांनी केल्या, पुढचं सगळं त्यांनी केलं, आणि आजतागायत, भांडणातसुद्धा, तोंडातून अवाक्षर निघालं नव्हतं. ताईंचा संसार त्या न बोलण्यावर उभा होता. ज्याला तोंड नाही, केस नाहीत, मुलगा-मुलगी काही नाही, त्याची आठवण काढायला धरायचं तरी कुठे? त्यामुळे दिवस जात. आज एका पोरीनं काम करता करता सांगून टाकलं, आणि त्या पोरीला ते काल संध्याकाळी कळलं होतं. तिच्याबरोबर आणखी किती लाखांना.

"आता पुरावा बघ," वकील म्हणाला. त्यानं हात पुसले आणि मोबाइल झिपरीसमोर धरला. "ती ओळ म्हण."

झिपरीनं म्हटली. आवाज बरा होता तिचा.

"कानापाशी टाचणीएवढं दार, तिथूनच गेलीस का तू बाहेर?"

"बरोबर. पुढे म्हणते, ते दार आईलाही आहे. आता काय असतं, काही लोकांना कानाच्या पुढे, जिथे कान गालाला जुळतो ना, तिथे बारीक छिद्र असतं. जन्मतः. टोचलेलं नव्हे. आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालतं. बाळाला आहे, आईलाही आहे. बरं. हा बयाचा उजवा कान." त्यानं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. "हा डावा. आहे छिद्र?"

झिपरीनं मोबाइल हातात घेतला. उजेडाकडे वळली. बराच वेळ बघत राहिली.

"मेकअप असेल."

"ही शाळेतली. मेकअपशिवाय. आहे?"

"नाही."

"संपलं. बाळ तिचं नाही. म्हणजे बाळच नाही. कागदावर जन्मलेलं आहे ते."

ताईंचा हात उजव्या कानाकडे गेला आणि केसांवरच थांबला. छिद्र त्यांच्या कानाला होतं. बाबांनाही होतं. लहानपणी छोटी रडायची, मलाच का नाही? बाबा तिची समजूत काढायचे, तुझं आतून आहे.

म्हणजे कानसुद्धा कोणीतरी पाहिला होता, आणि पाहून छोटीला सांगितला होता. सांगणारा एकच असू शकत होता. जो माणूस रोज समोर बसून जेवतो, डबा भरून झाला का विचारतो, त्यानं दिलेला शब्द मागच्या दारानं विकला. ताईंना राग आला नाही. राग यायला थोडी ऊब लागते. त्यांचे हात गार पडले होते.

"मी रडले रे रात्री," झिपरी म्हणत होती. "आई उठून विचारायला आली, काय झालं म्हणून. आणि हे खोटं?"

"म्हणून तर ती मोठी."

"चुलीत गेलं तिचं मोठेपण!"

जेवणाच्या सुट्टीत ताई डबा न उघडता मागच्या जिन्यावर गेल्या. जिन्यात दवाखान्याची रिकामी खोकी रचलेली होती. छोटीनं पहिल्याच घंटीला फोन उचलला.

"ताई," ती म्हणाली. आणि मग, "ऐकलंस?"

"मी नाही ऐकलं. लोकांनी सांगितलं मला. माझ्या शेजारच्या बाकावर बसून सांगितलं. मुलगी होती म्हणे."



"मी आधी तुझ्याकडे येणार होते. दोनदा तुझ्या घराच्या जिन्यापर्यंत येऊन गेले. खरंच."

"यांनी सांगितलं ना तुला? एवढंच बोल. हो की नाही?"

"कोणी? दाजींनी?"

"मग आणखी कोणी? मी पाहिलं नाही, आईनं पाहिलं नाही. त्यांनीच सह्या केल्या."

"ताई, दाजी आत आलेच नाहीत. दारात उभे राहिले, भिंतीला धरून. मुलगी आहे एवढं नर्सनं सांगितलं त्यांना. त्यांनी पाहिलं नाहीये."

"मग केस? कान?"

 छोटी एकदम बोलली, पाठ केलेलं म्हणून टाकावं तशी.

"मी घेतलं होतं तिला. तुझ्या खोलीबाहेरच्या बाकावर. आई औषधं आणायला खाली गेली होती, दाजी सह्या करायला. नर्सला कोणीतरी हाक मारली, तिच्या हातात बाळ. तिनं इकडे तिकडे पाहिलं आणि माझ्याकडे दिलं. म्हणाली, धर, आलेच मी. मी अकरावीत होते गं. मला वाटलं, नीट धरलं नाही तर पडेल. ती लवकर आलीच नाही. मग मी बघितलं. सगळं बघितलं. कान तुझ्यासारखा होता."

खालून कोणीतरी खोकं ओढत नेत होतं. ताईंनी कठडा धरला.

"आणि तू मला एवढी वर्षं…"

"तूच म्हणालीस, कोणी काही बोलायचं नाही. आईनं शपथ घातली मला. मी कुणाला सांगणार होते? मला कोणी विचारलंसुद्धा नाही की तू कुठे होतीस त्या वेळी."

हे खरं होतं. ताईंनी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी छोटी कुठे उभी होती, काय जेवली, घरी कोणाबरोबर गेली, यातलं काहीच त्यांना आठवेना.

"मग गाण्यात 'माझी लेक' का म्हणतेस?" त्यांनी विचारलं. "तिची आई तर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तेही घाल की."

"आधी मावशीच लिहिलं होतं. गाता येईना. मावशीच्या मांडीवर आहे म्हटलं की पुढची ओळ येते, आई कुठे गेली? ती ओळ मला नको होती." छोटी म्हणाली. "मग मी तुला बाहेर बाकावर आणलं. तुझ्या हातात दिली. तेवढंच खोटं आहे त्यात, ताई. बाकी सगळं खरं आहे. पाहिजे तर काढून टाकायला सांगते. आत्ता सांगते."

 छोटी श्वास रोखून थांबली असावी, तिचा श्वासही ऐकू येत नव्हता.

"जड होती?" ताईंनी विचारलं.

"ताई…"

"सांग. जड होती का?"

"होती. मला वाटलं होतं हलकी असेल. पण होती जड. हात भरून आले माझे."

"बरं," ताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "राहू दे गाणं." आणि फोन ठेवला.

त्या परत आल्या तेव्हा वकील खटला जिंकून बसला होता. झिपरी रुसून कवळी घासत होती आणि घासायच्या यंत्रावर राग काढत होती.

"ताई, तुम्ही सांगा याला," ती यंत्र बंद करून म्हणाली. "याचा कानाचा पुरावा बरोबर असेल, मान्य. पण ती ते जे म्हणते ना, की हात भरून आले… ते कुठून आणलं तिनं? ते कोणाकडून तरी आणलं ना? हवेतून येतं का ते?"

"भावनिक युक्तिवाद," वकील म्हणाला. "कोर्ट मानत नाही."

"तू गप रे."

ताई आपल्या बाकापाशी गेल्या. सकाळची रबरी वाटी तशीच पडली होती, आत घट्ट झालेला गोळा. त्यांनी ती बाजूला सरकवली. दुसऱ्यांदा कालवून ठशात ओतलेलं प्लास्टर सुकून तयार होतं, पुढचं काम ताटकळत होतं. त्यांनी त्याला हात लावला नाही.

"तुझ्या मोबाइलवर आहे का ते?" त्यांनी झिपरीला विचारलं.

"गाणं? तुम्ही ऐकणार?" झिपरी थक्क झाली. बयाचं गाणं लागलं की ताई आपलं यंत्र चालू करतात, हे लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. "स्पीकरवर लावू?"

"नको. एकटीला ऐकायचंय. थांब जरा."

त्या नळाशी गेल्या. बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. साबण घेतला, आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या. नखांत प्लास्टर अडकलं होतं, ते ब्रशनं एकेक करून काढलं. मनगटं धुतली. पुन्हा साबण घेतला.  ताईंनी धुतलेला नॅपकिन खणातून काढून हात कोरडे केले, अगदी बोटांच्या मधल्या जागेतसुद्धा ओल राहू दिली नाही.

मग भिंतीकडची आपली खुर्ची त्यांनी उजेडाकडे वळवून घेतली आणि बसल्या.

"कुठून लावू?" झिपरीनं विचारलं. "दुसऱ्या कडव्यात येते ती."

"पहिल्यापासून लाव," ताई म्हणाल्या. "येऊ दे सावकाश."

झिपरीनं इअरफोनची वायर त्यांच्या कानाला लावून दिली. ताईंनी दोन्ही हात मांडीवर घेतले, तळवे वर, एक हात दुसऱ्याच्या जरा पुढे, आणि कोपरं अंगाशी आवळून धरली.