सहावा प्रश्न

“देवाजी, सहाव्या नंबरावर आहे गा तुही शाळा!” सोबतचा शिपाई कवडू याने प्रश्नांची छापील यादी पुढे धरली.

“माही कुठची? वस्तीची आहे,” देवाजी म्हणाला. पण यादी त्याने दोनदा वाचली. वस्तीतील शाळेत पाचवीचा वर्ग नाही, हे खरे आहे काय. असल्यास, तो केव्हा सुरू करणार?

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात देवाजी हंगामी शिपाई होता. हे चौदावं वर्ष. एरवी तो लोकांच्या घरांना चुना मारायचा. डिसेंबर आला की पांढरा गणवेश आणि लाल पट्टा घालून सभागृहाच्या दारात उभा राहायचा. दाराशेजारी घंटेचं बटण होतं. आत एक दशांशाहून कमी आमदार उरले तर कामकाज चालवता येत नाही. तेव्हा अध्यक्ष सांगत, सचिव खूण करत आणि देवाजी बटण दाबे. मग आवारभर घंटा वाजे आणि आमदार आत येत. खुणेशिवाय त्याचं बोट बटणाला कधी लागलं नव्हतं.

त्याची पंचशीला चौथीत होती. पाचवीची शाळा रेल्वेच्या रुळांपलीकडे. मागल्या वर्षी तिथे वस्तीतली एक मुलगी गाडीखाली आली होती. “पोरीले मी रुळापलीकडं धाडत नाही. चौथी झाली का घरी बसन,” त्याची बायको सिंधू म्हणाली होती. म्हणून उन्हाळाभर खेटे घालून त्याने आमदार मनोहररावांकडून हा प्रश्न लिहून घेतला होता. आज अधिवेशनाचा शेवटचा दिवस. पुढचं अधिवेशन मुंबईला. हा प्रश्न पुन्हा यादीत येईतोवर पंचशीलाचं नाव शाळेतून गेलेलं असणार.

पहिला तास प्रश्नांचा असतो. आमदाराने प्रश्न विचारला की मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि त्यावर उलट विचारता येतं. मात्र नाव पुकारताना आमदार जागेवर नसला, तर अध्यक्ष पुढे जातात. उत्तर नुसतं कागदावर छापून येतं. तो कागद देवाजीनेच सकाळी वाटला होता. ‘तूर्त असा प्रस्ताव विचाराधीन नाही.’

पहिल्या तीन प्रश्नांना अर्धा तास लागला. आपल्याला वेळ आहे असं समजून मनोहरराव बाहेर हिरवळीवर गेले. मतदारसंघातली माणसं संत्री घेऊन आली होती. दारातून देवाजीला ते दिसत होते. उन्हात बसून संत्रं सोलत होते.

चौथ्या प्रश्नाचा आमदार आलाच नव्हता. अध्यक्ष पाचव्यावर गेले. मंत्र्यांनी दोन वाक्यांत उत्तर दिलं. उलट कोणी काही विचारेना.

देवाजीला दार सोडता येत नव्हतं. हाक मारायची मनाई. कवडू वर गॅलरीत गेलेला. अध्यक्षांनी यादीवर बोट ठेवलं.

देवाजीने बटण दाबलं.

हिरवळीवरून, उपाहारगृहातून आमदार धावत आले. मनोहररावांच्या हातात अर्धं संत्रं तसंच होतं. आत तर गरजेपुरते आमदार आधीपासूनच होते. “घंटा कोणी वाजवली?” अध्यक्षांनी विचारलं. सचिव दाराकडे बघू लागले. थोडी कुजबुज झाली, हसू झालं, आणि मग अध्यक्ष म्हणाले, “असो. प्रश्न सहा.”

मंत्र्यांनी कागद वाचला. मनोहरराव धापा टाकतच उठले. “रूळ ओलांडताना एक मुलगी मेली, हे मंत्रिमहोदयांना माहीत आहे काय?”

मंत्री कागदात बघत राहिले. त्यात ते नव्हतं. “येत्या जूनपासून वर्ग सुरू करू,” ते म्हणाले. सभागृहात असं बोललं की ते आश्वासन होतं. ते पाळलं की नाही, हे बघायला आमदारांची समिती असते. देवाजीला ते ठाऊक होतं.

दुपारी शिपायांवरचे अधिकारी मधुसूदन साहेब यांनी त्याला खोलीत बोलावलं. माणूस चांगला होता. “बोट चुकून लागलं, असं लिहून दे. मिटलं.”

“चुकून नाही लागलं, साहेब. मीच दाबलं.”

“अरे, मी तुला वाट काढून देतोय!”

“समजते, साहेब. पण मंत्र्याचं उत्तर खोटं निघालं तर त्यालेही सभागृहात येऊन दुरुस्त करा लागते. चौदा वर्षं पाहून राहिलो. मंग मले खोटं लिहून कसं चालन?”

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. देवाजीने ‘घंटा मीच वाजवली’ एवढंच लिहून खाली पूर्ण नावाची सही केली.

जूनमध्ये पाचवीचा वर्ग भरला. नोव्हेंबरात अधिवेशनाच्या कामावर बोलावण्याचं पत्र आलं नाही.

“पोस्टमनची वाट काहून पाहून राहिले घडी घडी?” सिंधूने विचारलं.

“पाहत नाही वं. ऊन खाऊन राहिलो.”

डिसेंबरात त्याने मनोहररावांकडून गॅलरीचे दोन पास आणले आणि पंचशीलाला घेऊन गेला. चुन्याचे डाग नसलेला एकच सदरा होता, तो घातला. गॅलरीच्या दारात कवडू होता. त्याने पास बघितले, देवाजीकडे बघितलं नाही.

“पायावर पाय टाकून बसाचं नाही,” तो हळूच म्हणाला. “बोलाचं नाही. हे सगळ्याईले सांगा लागते गा.”

“सांग ना. बराबर आहे.”

खाली अध्यक्ष येत होते. सगळे उभे राहिले. “बाबा, हे कोण?” पंचशीलाने विचारलं. देवाजीने ओठांवर बोट ठेवलं. मग तो बाकावर ताठ बसला, दोन्ही पाय जुळवून, हात गुडघ्यांवर ठेवून. पंचशीलाने त्याच्याकडे बघितलं आणि तीही तशीच बसली.